सदतीस नंबरचा हुरडा

खरं सांगू का, शिकल्या माणसाचं मला लई नवल वाटतं. अनपाड माणूस चूक करतो आन् गप बसतो. शिकला माणूस चूक करतो, तिला नंबर देतो, तिच्या तीन प्रती काढतो, एक वर धाडतो, एक फायलीत लावतो आन् तिसरी सापडत न्हाई म्हणून दुसऱ्याला खुलासा मागतो.

मी चांगुणा. मुरुडच्या रस्त्याला आमची चिंचोलवाडी. तिथल्या माळावर कोरडवाहू पीक मंडळाचं ज्वारी संशोधन उपकेंद्र हाय, तिथं मी चौदा वर्षं रोजंदारीवर. संशोधन केंद्र म्हणलं की तुमाला काचेच्या नळ्या आन् पांढरे कोट दिसत असतील, तर ते आधी डोक्यातून काढा. दोन खोल्या, एक गोदाम, सहा एकर रान, एक डाक्टर, एक शिपाई रामकिशन आन् मी. डाक्टर बी सुई टोचणारे न्हाईत, ज्वारीचे. नवे आले तवा गावातल्या बाया तापलेली लेकरं घेऊन दारात येऊन बसल्या. मी ज्वारीचा डाक्टर हाय म्हणले तर एक म्हातारी म्हणली, "मग ज्वारीचीच गोळी द्या, पर द्या."

नाव मल्लिकार्जुन हालकुडे. देगलूरचे. माणूस गरीब गाय. राग आला की कन्नडात पुटपुटायचे, म्हणून त्यांची शिवी आजवर कुणाला लागली न्हाई.

हे डाक्टर आमच्या गावात आले ते बहात्तरच्या दुष्काळात. सगळं रान करपून गेलं व्हतं, आन् मपल्या मायच्या, साखराबाईच्या, रानात एका कोपऱ्याला ज्वारी उभी व्हती. गुडघ्याएवढीच, पर कणीस भरलेलं. डाक्टर त्या कोपऱ्यात उकिडवे बसले ते उठायलाच तयार न्हाईत. मायला वाटलं ऊन लागलं. तिनं पाणी दिलं. त्यांनी बी मागितलं.

आमच्यात बी उसनं द्यायचा दस्तूर हाय. पीक आलं की घेतलं तेवढं परत करायचं, वर एक मूठ जास्तीची. मायनं अर्धी पायली दिली. डाक्टर म्हणले, "पुढच्या वर्षी परत देतो, मावशी." ते पुढचं वर्ष काय आलं न्हाई. मायनं विचारलं की म्हणायचे, "अजून तयार नाही, मावशी." माय म्हणायची, "आरं, ज्वारी हाय का पोरीचं लगीन? तयार व्हायला किती साल लागत्यात?"

तेरा साल लागली. मी सोता बघितलं. दर साली त्या बियातली झाडं निवडायची, फुलोऱ्यात कणसाला कागदी पिशवी घालायची, चिठ्ठी बांधायची, मोजायचं, वजन करायचं, चांगलं ठेवायचं, बाकीचं सोडायचं. शंभर-दीडशे वाणातून गळत गळत एक राहिला, सदतीस नंबर. मान जरा वाकडी, बुडाला दाण्यावर तांबूस ठिपका. आन् गुण असा की पेरल्यावर वर थेंब पडला न्हाई तरी नुसत्या थंडीवर आन् दवावर कणीस भरायचं. मी त्या ज्वारीला जेवढं जपलं तेवढं मपल्या नवऱ्याला जपलं असतं तर तो आज पुण्याला न पळता घरी असता.

एकच भ्या, किड्याचं. दर पावसाळ्यात बियाला टोके लागायचे. म्हणून डाक्टरांनी एक फ्रीज मागितला. बी थंडीत ठेवलं तर दहा-पंधरा साल टिकतं म्हणत. नऊ साल मागून राहिले. पहिल्या साली वरून उत्तर आलं, विचाराधीन. दुसऱ्या साली एक पाटी आली, 'संशोधन हीच प्रगती'. पाचव्या साली भिंतीवरचं घड्याळ आलं. आन् सातव्या साली, ज्या साली आभाळ कोरडं ठाक, त्या साली पाऊस मोजायचं यंत्र आलं! गोदामाच्या मागं चार खांब रोवले, काटेरी तार मारली, पाटी लावली, 'शासकीय पर्जन्यमापक. हात लावू नये.' रोज सकाळी किती पाऊस झाला ते लिहून कळवायचं. हे काम डाक्टरांनी माझ्याकडं दिलं. शून्य मला काढता येतं. मी रोज शून्य काढायची, डाक्टर खुर्चीवरून सही करायचे. शून्य बघायला कोण चालत जातं? तीन महिन्यांनी वरून कागद आला, 'आपल्या केंद्राच्या अहवालात सातत्याने शून्य येत आहे, याचा खुलासा करावा.' आता ह्याचा खुलासा आभाळाला मागावा का मला?

त्यातच लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, कमानी उभ्या केल्या, लोक ट्रकात बसून नाचत गेले. मला बी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जिल्हा नवा झाला, दुष्काळ तेवढा जुनाच राहिला. नवा जिल्हा म्हणून मंडळाचं नवं हापिस झालं, नवा साहेब आला, अमृतराव. गाडीच्या खिडकीला पडदे. पहिल्याच भेटीत त्यानं डाक्टरांना विचारलं, "इतकी वर्षं एकाच ज्वारीवर? पिकली तर पहिल्या वर्षी पिकायला हवी होती." डाक्टर संशोधन म्हंजे काय ते सांगायला लागले तर हा घड्याळाकडं बघत व्हता, आमच्याच भिंतीवरच्या. जाताना हुकूम देऊन गेला, "आपला देश गरीब, त्यात जिल्हा लहान. असले लाड परवडत नाहीत. यंदा आहे तेवढं सगळं बी पेरा, दहा क्विंटल करून दाखवा, पुढच्या साली राज्याच्या चाचणीला पाठवू. नाही तर केंद्राला कुलूप."

बी व्हतं किती? दोन डबे. बाकी टोक्यांनी खाल्लेलं. डाक्टरांनी दोन्ही डबे काढले. म्हणले, "चांगुणाबाई, तेरा वर्षं ह्या दोन डब्यांत आहेत. यंदा चुकलं तर माझ्याकडं परत सुरुवात करायला वय नाही." एकावन्न चालू व्हतं त्यांना. अठ्ठावन्नला घरी.

मी म्हणलं, "साहेब, सगळं एका जागी पेरू नये. माय पेरताना एक मूठ बांधाला टाकायची, पाखराच्या नावानं."

"चांगुणाबाई, हे शास्त्रीय केंद्र आहे. इथं पाखराच्या नावानं काही टाकायचं नसतं."

बरं, म्हणलं. दोन डब्यांत एकरभर रान झालं, तेवढं ओळीनं पेरलं. आन् चिमूटभर पदरात धरून गोदामाच्या मागं गेले, पाऊस मोजायच्या यंत्राभवती, तारेच्या आत, टाकून आले. यंत्राला तसंबी काम नव्हतं.

संक्रांत झाली तवा लातुरापासून मुरुडापर्यंत सगळं रान ओसाड, आन् आमच्या माळावर तेवढा एकराचा तुकडा हिरवागार. रस्त्यानं जाणाऱ्या यष्टीतून लोक माना काढून बघायचे. दाणा दुधातून चिकात आला. अजून महिनाभरानं बी तयार व्हणार व्हतं. डाक्टर रोज सकाळी एकेका ओळीतून हिंडायचे. एकदा मला म्हणले, "आता मावशीची अर्धी पायली परत करू. वर एक मूठ." मला भरून आलं.

आन् दोन दिवसांनी अमृतराव आला. गाडीतून उतरला, रान बघितलं, आन् पहिला शब्द काय बोलला? "वा! हुरडा!"

झालं असं की मंडळाचे अध्यक्ष दुष्काळ बघायला येणार व्हते. दुष्काळ बघून झाल्यावर त्यांना हुरडा खायचा व्हता. पर दुष्काळ असा नालायक की त्यानं कुठंच हुरडा शिल्लक ठेवला नव्हता.

डाक्टर पहिल्यांदा कन्नडात बोलले. मग मराठीत बोलले, "साहेब, हे बियाणं आहे. ह्याचं दुसरं बी कुठंच नाही."

"अहो, दहा माणसं येणार. एक कोपरा द्या. आणि तुमच्या फ्रीजची फाइल कुणाच्या टेबलावर आहे माहीत आहे? अध्यक्षांच्या."

डाक्टरांनी दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच रानात गेले आन् एका कोपऱ्याला दोरी बांधली. मी मधी आडवी झाले. म्हणलं, "साहेब, बी हाय हे. बी खात नसत्यात. आमच्यात उपाशी मरत्यात पर बियाच्या गाडग्याला हात लावीत न्हाईत."

"एकच कोपरा, चांगुणाबाई. फ्रीज आला तर पुढची वीस वर्षं बियाला किडा लागणार नाही."

बी ठेवायला कपाट पायजे म्हणून बी खाऊ घालायचं! मी अनपाड, मला काय हे गणित सुटलं न्हाई. पर त्यांचं तोंड बघून पुढं बोलवलं बी न्हाई.

दहा माणसं यायची व्हती ना? अकरा गाड्या आल्या! अध्यक्ष, त्यांचे सोबती, सोबत्यांचे मेव्हणे, नव्या जिल्ह्यातले नवे साहेब, त्यांच्या बाया. यंदा हुरडा फक्त चिंचोलवाडीला हाय ही खबर कशी पसरली कुणास ठाऊक. पावसाचा अंदाज असा पसरला असता तर!

आगटीवर मला बसवलं. हुरडा भाजण्यात गावात माझा हात कुणी धरत न्हाई, हीच मपली शिक्षा. ज्या कणसाला मी पिशवी घातली तेच गोवऱ्यांच्या आरात घालायचं, तळव्यावर चोळायचं आन् दाणे काढून द्यायचे. हात भाजत व्हता, त्याचं काय वाटलं न्हाई. डोळ्याचं पाणी धुरावर खपलं.

कोपरा पहिल्या अर्ध्या घंट्यात संपला. मग दोरी खाली पडली. कुणी पाडली? आपोआप पडली असंल, सरकारी दोरी. डाक्टर पळत गेले, "साहेब, दोरीच्या पलीकडं नको, तिथं चाचणीची कणसं आहेत," तर अमृतराव त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "हालकुडे, देशासाठी एवढं करा." कणसावरच्या कागदी पिशव्या फाडून त्यात शेंगदाण्याची चटणी वाटली. एक बाई चिठ्ठी वाचून मला म्हणली, "ही ओळ बारा जास्त गोड आहे हं, हिचीच आणखी द्या." बघा, तेरा सालात वरून कुणी आमच्या नोंदी वाचल्या असतील तर त्या ह्या बाईनं.

अध्यक्ष मनानं वाईट नव्हते. तीन पत्रावळी खाल्ल्या, मिश्या पुसल्या आन् उभं राहून बोलले, "माणूस तेरा वर्षं इथं काय करत होता, हे फाइल वाचून मला कधी कळलं नाही. आज जिभेला कळलं! आपला देश गरीब असेल, पण अशा संशोधनाला पैसा कमी पडू देणार नाही. हालकुडेंना आजच फ्रीज मंजूर. आणि हे सदतीस नंबरचं बी येत्या मृगाच्या आधी जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात पोचलं पाहिजे!"

टाळ्या वाजल्या. डाक्टर हात जोडून उभे व्हते. त्यांच्या मागं सगळं रान नुसतं धाटांचं, एका धाटाला कणीस न्हाई. गाड्यांत पिशव्या भरून कणसं चालली व्हती, घरच्या माणसांसाठी.

त्या गडबडीत एक साहेब गोदामाच्या मागं गेला, कशाला जातात ते तुमाला ठाऊक हाय. मी आगटी सोडून मागं पळाले. बघते तर तारेच्या आत हात घालून राहिला.

"साहेब!" मी ओरडले. "ते पावसाच्या यंत्राचं हाय! धक्का लागला की नोंद चुकती, मग वरून खुलासा मागत्यात!"

खुलासा म्हणल्याबरुबर गड्याचा हात असा मागं आला, जसा तारेत करंट हाय. "माझं नाव सांगू नका बरं का बाई," म्हणला आन् निघून गेला.

फ्रीज चैतात आला. पांढरा, माणसाएवढा उंच. वीज दिवसातून चार घंटे. त्यात ठेवायला बी न्हाई, म्हणून रामकिशननं पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. अमृतराव दौऱ्यावर आला की त्यातलं गार पाणी पिऊन म्हणायचा, "पाहा, झाला की नाही फायदा?" आन् पाठोपाठ कागद. 'सदतीस नंबरचे पन्नास क्विंटल बियाणे मृगापूर्वी पुरवावे.' डाक्टरांनी लिहिलं, बियाणं शिल्लक न्हाई. लगेच दुसरा कागद, का न्हाई, खुलासा करावा. डाक्टरांनी एकदाच मर्दासारखं लिहिलं, 'बियाणे मान्यवरांनी सेवन केले.' अमृतरावानं तो कागद फाडला, दुसरा लिहून आणला आन् पुढं ठेवला. त्यावर व्हतं, 'पक्ष्यांनी नुकसान केल्यामुळे.'

डाक्टर लई वेळ पेन धरून बसले. आन् त्यांनी सही केली.

तवा मात्र मपलं डोकं फिरलं. खाल्लं कुणी, आन् आळ कुणावर! मी त्यांच्या तोंडावर बोलले, "साहेब, त्या पाखरांनी तुमचं काय घोडं मारलं व्हतं?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कामाला जायची, शून्य काढायची, घरी यायची.

मृगाच्या तोंडाला, भर दुपारी, डाक्टर आमच्या घरी आले. चपला बाहेर काढून उंबऱ्यात बसले. माय जात्यापाशी डाळ निवडत व्हती. तिला आता कमी दिसतं, पर आवाजावरून ओळखलं. "आलास? घेऊन आलास का मपली अर्धी पायली?"

डाक्टरांनी मान खाली घातली. "मावशी, थोडं बी पाहिजे होतं. तेच, जुनं. पहिल्यापासून सुरू करतो."

"आरं वा! पहिलं दिलं न्हाई आन् दुसरं मागून राहिला?" माय सूप खाली ठेवून म्हणली. "तू खाल्लं असतंस तर म्हणले असते, भुकेला व्हता. तू लोकाला खाऊ घातलंस. बी खाऊ घालणाऱ्याला परत बी देत नसत्यात, बाबा. आन् ते जुनं राहिलंय कुठं? रान विकून चार साल झाली."

एकावन्न वर्षांचा माणूस, डाक्टर झालेला, आमच्या उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडला. पुटपुटला बी न्हाई, कन्नडात बी न्हाई. मला राग व्हता, अजून हाय. पर ते रडणं ऐकून मपलं काळीज हाललं, हे खरं सांगते.

मी आत गेले. चुलीमागचं गाडगं काढलं, राख बाजूला सारली आन् फडकं आणून त्यांच्या पुढं सोडलं. नऊ कणसं. पिकलेली, वाळलेली, मान वाकडी.

डाक्टरांनी एक उचललं, उलटं केलं, बुडाचा तांबूस ठिपका बघितला. "सदतीस," म्हणले. "चांगुणाबाई, हे सदतीस आहे! हे कुठून आलं?"

"पावसाच्या यंत्रापासून. पाखराच्या नावानं टाकलेलं. तुमी लिहून दिलं की पाखरांनी खाल्लं. साहेब, पाखरांनी ठेवलं."

ते रडत रडत हसले. मग डोळे पुसले, आन् बघता बघता जुने डाक्टर झाले. म्हणले, "आता काळजी नाही. हे मी आजच केंद्रावर नेतो, फ्रीजमध्ये ठेवतो. साहेबांना उद्याच कळवतो. अध्यक्ष परवा विचारत होते, यंदाही संक्रांतीला येतो म्हणाले." आन् त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

मी मायकडं बघितलं. माय डाळ निवडत व्हती. मी त्या नऊतलं एक कणीस उचललं, त्यांच्या वंजळीत ठेवलं आन् बाकीचं फडकं गुंडाळून काखेत मारलं.

"एकच?" ते म्हणले.

"हाव," म्हणलं. "तुमच्याकडं पाव्हणे लई येत्यात, साहेब."